पंचमीच्या दिवशी काढलेलं टोक

मी आयुष्यभर ड्रॉईंग शिकवलं. डोळ्यांना दिसतं तेवढंच कागदावर काढायचं, हे मुलींना सांगून सांगून माझा घसा बसला. तेव्हा भुताखेताच्या गोष्टी माझ्यापुढे कुणी काढायच्या नाहीत, मी सरळ उठून जाते. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर हसत हसतच वाचले... आणि आज माझाच लिहायला बसले आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा.

लढाईचे दिवस होते. आम्ही रहिमतपूरचे, घरची उसाची शेती. वडील मी लहान असतानाच गेले, घरात आई, थोरला भाऊ आणि चुलते. भावाला मी दादा म्हणायची. तो पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. जाण्याआधी त्याने एकच हट्ट धरला... इंदूला, म्हणजे मला, सांगलीला ड्रॉईंग टीचरच्या कोर्सला घालायचं. आजच्यासारखी युनिव्हर्सिटीची डिग्री तेव्हा कुठली? सर्टिफिकेट मिळालं की शाळेत नोकरी, एवढं सोपं गणित. चुलत्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण दादापुढे त्यांचं चालेना. शेवटी एक अट घातली : पोरगी पास झाली तर ठीक, नापास झाली तर त्याच साली लग्न, मग कुणी मधे बोलायचं नाही. दादाने कबूल केलं. मला कुणी विचारलंच नाही, पण मीही मनात कबूल केलं.

आमच्या दादाची एक कला होती. पेन्सिलीला टोक काढावं तर त्यानेच. खिशातल्या चाकूने बाभळीच्या काट्यासारखं लांब, निमुळतं टोक काढायचा आणि दुसऱ्या टोकाला गोल खाच पाडायचा. माझी पेन्सिल शाळेत चोरीला जाऊ नये म्हणून ती खूण. मला तसं टोक कधीच जमलं नाही.

सांगलीला मी मावशीकडे राहिले. दोन वर्षं घासून अभ्यास केला आणि शेवटची परीक्षा आली ती नेमकी नागपंचमीला. परीक्षक मुंबईचे, त्यांना कसली पंचमी! आमच्याकडे पंचमीला घरात काही चिरत नाहीत, कापत नाहीत. भाजीसुद्धा नाही. शेतात नांगर नाही. परीक्षेआधी घरी गेले होते, तेव्हा निघताना आईने मला दारात थांबवलं.

"भाऊ लढाईवर हाय तुजा. चार म्हैनं झालं, त्याचं पत्तर न्हाई. पंचमीला चाकू हातात धरायचा न्हाई. दुसऱ्याकडनं बी काय कापून घ्यायचं न्हाई. माज्या गळ्याची आन हाय तुला."

मी हो म्हटलं. नागोबावर माझा विश्वास नव्हता, पण आईच्या तोंडाकडे बघून नाही कसं म्हणणार?

लढाईमुळे चांगल्या पेन्सिली मिळायच्याच बंद झाल्या होत्या. सांगलीच्या पेठेत कशाबशा दोन मिळाल्या. आदल्या दिवशीच त्यांना टोकं काढून डब्यात ठेवल्या. सकाळी परीक्षेच्या जागी जिन्यात गर्दी, कुणाचा तरी धक्का लागला आणि डबा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. वरून पेन्सिली धडधाकट दिसत होत्या. आतलं शिसं मोडलंय हे मला कसं कळावं?

पाटावर तांब्याची घागर, शेजारी चुरगळलेलं धोतर. शेडिंगसकट पूर्ण चित्र काढायचं. घागरीची कड जेमतेम आखली आणि पहिल्या पेन्सिलीचं टोक गळून पडलं. दुसरी घेतली... तिचंही तेच. सगळे खाली माना घालून रेघोट्या ओढत होते. शेजारच्या मुलाच्या बाकावर चाकू उघडाच पडला होता. हात लांब केला असता की झालं.

माझा हात गेला नाही. खरं सांगते, त्या वेळी डोक्यात नाग नव्हता. दादा होता. चाकू उचलला आणि तिकडे त्याला काही झालं तर? मूर्खपणा आहे हे कळत होतं, तरी हात उचलेना. पास होणं गेलं, नोकरी गेली, दादाचा शब्दही गेला. डोळे भरून आले. दोन्ही पेन्सिली डब्यात टाकल्या, झाकण लावलं आणि तोंड पुसलं. उठून जायचं म्हणून कागद उचलला. तेवढ्यात वाटलं, जाण्याआधी उरल्यासुरल्या शिशाने निदान घागरीचं तोंड तरी पुरं करू.

झाकण उघडलं. एका पेन्सिलीला टोक होतं.

लांब, निमुळतं. दुसऱ्या टोकाला गोल खाच. बाकावर, डब्यात, मांडीवर लाकडाचा एक कपटाही नव्हता. शेजारचा मुलगा आपल्या कागदात बुडालेला, त्याचा चाकू जागचा हललेला नाही. विचार करायला वेळ कुठे होता? मी चित्र काढायला लागले. तशी घागर मी पुन्हा जन्मात काढली नाही. आणि ते टोक शेवटपर्यंत बोथट झालं नाही.

परीक्षक कागद गोळा करत माझ्यापाशी आले. चित्राकडे बघितलं, मग पेन्सिल उचलून निरखली.

"असं टोक काढायला कुणी शिकवलं?"

"भाऊ काढतो," मी म्हटलं. "तो लढाईवर आहे."

त्यांनी पेन्सिल दोन्ही हातांनी परत दिली.

मी पास झाले, तीही वरच्या नंबरात! चुलत्यांनी पेढे वाटले आणि पोरीला शिकवायचं आपल्याच मनात होतं म्हणून गावभर सांगत सुटले.

लढाई संपल्यावर दादा आला. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. मी पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने ती डाव्या हातात धरून खूप वेळ फिरवली. खाचेवरून अंगठा फिरवला.

"टोक माजंच हाय," तो म्हणाला. "पर इंदे, त्या पंचमीच्या आदीच बोटं गेलती माजी. तवा मी दवाखान्यात हुतो. चाकू कुटनं धरणार?"

नंतर साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. पहिल्या दिवशी पोचवायला दादाच आला, पलटणीचा कोट घालून. शिपायाने फाटकात अडवून कोण पाहिजे विचारलं, तर हा छाती काढून म्हणतो, "ड्रॉईंगच्या मास्तरीणबाई आल्यात. मी भाऊ त्यांचा." अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असं! मला लाज वाटली, आणि इतका अभिमान वाटला की फळ्यावर पहिलं वर्तुळ काढलं तेच अर्ध्या फळ्याएवढं झालं.

पुढे दादासाठी पेन्सिलीला टोक मी काढायची आणि तो चुका काढायचा. आता तो नाही. ती पेन्सिल माझ्याकडे आहे, त्या दिवसानंतर तिने मी रेघ ओढलेली नाही. कुणी पुरावा मागितला तर तेवढाच दाखवता येईल. ते कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. दिसलं तेवढं काढलंय.