निवळलेला काढा

कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. खोकल्याच्या औषधासाठी मुळ्यांचा काढा उकळायचा, गार करायचा, पिंपात तीन दिवस न हलवता ठेवायचा. वरचा निवळ नळीनं ओढून, फडक्यातून दोनदा गाळून मगच पाकात घालायचा. एकतीस वर्षं हेच. पाठ कामातून गेली, पण गढूळ काढा कधी गेला नाही.

मग मालकांचे जावई आले. पदवी होती, कोट होता. पिंपाला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता.

"तीन दिवस पिंप अडवून काय मुरांबा घालताय?" म्हणाले, आणि तीन दिवसांचे तीन तास केले.

नव्या औषधाच्या बारा बाटल्या उबदार कपाटात ठेवल्या. औषध टिकतं का, हे त्यांवरून ठरायचं. तीन महिन्यांनी जावयांनी एक काढली, खळखळून हलवली आणि उजेडात धरली.

"बघा मामा. एकजीव."

"हलवल्यावर चिखलाचं पाणीही एकजीव दिसतं. खाली ठेवा, जेवून या, मग बघू."

"लेबलवरच लिहिलंय, हलवून घ्या."

"ते खोकणाऱ्यासाठी. तपासणाऱ्यासाठी नव्हे."

जावयांनी बाराही हलवल्या. अंगमेहनत झाली ती एवढीच. मग कागद पुढे केला. काढा करणाऱ्याच्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे.

मामांनी पेन टोपण न काढता परत दिलं.

"मग बाटल्या धुवायला बसा."

घरी बायको म्हणाली, "निवृत्तीला आठ महिने राहिलेत. तुमची सही म्हणजे काय राजमुद्रा लागून गेली?"

"राजमुद्रा दुसरी घडवता येते."

दुसऱ्या दिवसापासून मामा मोरीवर. सही पॅकिंगच्या कारकुनानं केली. त्यानं पिंपात कधी डोकावलंही नव्हतं.

दोन महिन्यांत खोक्यांमागून खोकी परत आली. बुडाशी बोटभर रेंदा, दगडासारखा. वर नुसतं गोड पाणी. हलवून हलवून लोकांचे हात दुखले असतील, औषध काही वर आलं नाही.

जावई मोरीपाशी आले. मागे दारात सासरे.

"मामा, उद्यापासून काढ्यावर या."

"येतो. या बाटल्या मात्र तुम्ही धुवायच्या. कोट काढा, ब्रश घ्या."

जावयांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी ब्रशकडे बोट दाखवलं. कोट निघाला.

पाचव्या बाटलीला घाम पुसत त्यांनी विचारलं, "इथे गरम पाणी नसतं का?"

मामांनी रिकामी बादली पायानं पुढे सरकवली.

"असतं. आणावं लागतं."