घरी कोण कोण असतं?

"घरी कोण कोण असतं?" ओळख झाली की सरांचा पहिला प्रश्न हाच. मान तिरकी करून, चष्म्यावरून बघत विचारायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय मायाळू माणूस! तुम्हालाही वाटलं असतं. मी म्हटलं, "आई. बस, आईच." सर म्हणाले, "छान." त्यात छान काय, ते मला नंतर कळलं.

सर बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यात राहायचे, तिथल्याच एका खासगी कॉलेजात गणित शिकवायचे. पोरं त्यांच्या तासाला डुलक्या काढायची. त्यांचं मन लावून ऐकणारा आयुष्यात एकच भेटला, आमचा सेठ. सेठचा लूमचा कारखाना, मी तिथे कारकून. बुनकर, म्हणजे कापड विणणारे, मध्येच काम सोडून दुसरीकडे जायचे. कोण कधी जाईल, याचं सरांनी मॉडेल बांधलं. दर माणसाची एक ओळ. घरी आजारी कोण, लग्नाची मुलगी आहे का, दुसरा कारखाना किती लांब. कॉम्प्युटर सांगायचा, किती कमी मजुरीतही हा माणूस जाणार नाही.

माहिती मी भरायची. चहाच्या सुट्टीत माणसं माझ्यापाशी रडायची आणि मी ते रडणं जागेवर जाऊन टाईप करायची. खोटं कशाला बोलू, सुट्टी संपायच्या आत टाईप करून व्हायचं.

"ताई, माणूस मजुरीला बांधलेला नसतो," सांडलेल्या चहात बोटाने उतरती रेघ ओढत सर म्हणायचे. "घराला बांधलेला असतो. गाठ सुटली की महिनाभर थांबत नाही बघा."

खकनारच्या एका बुनकराच्या मुलीचं लग्न ठरलं, त्याच महिन्यात सेठने त्याची मजुरी कापली. तो गेला नाही. मॉडेल पास झालं म्हणून सरांनी मावा जलेबी मागवली. मीही खाल्ली.

मग सरांच्या बायकोला लकवा झाला. सेठ त्यांच्या कॉलेजच्या कमिटीवरही होता. मला हळूच म्हणाला, "सर की भी एक लाइन बनवून टाका." मी बनवली. पुढच्या महिन्यात सरांचा पगार अर्ध्यावर आला.

सर कारखान्यात आले. आता शिव्या देणार, असं मला वाटलं. सेठ गोड हसून म्हणाला, "नाराज मत होना सर, फार्म्युला तो आपलाच आहे."

सर माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. स्वतःची ओळ वाचली, पुन्हा वाचली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, चुकलं तुमचं," ते म्हणाले. आवाज वर्गात असायचा तसाच. "तिला कुशीवर वळवायला माझ्याशिवाय कोणी नाही. आणि घरापासून चालत जाण्यासारखं कॉलेज हे एकच. हे भरलंच नाही तुम्ही. मी याहून कमीतही राहिलो असतो."

सेठ हसला. मी हसले नाही, पण ओळ दुरुस्त केली. पगार आणखी उतरला आणि सर राहिले.

वर्षभराने त्यांची बायको गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घराला कुलूप दिसलं. राजीनामा नाही, निरोप नाही, कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. सेठ खूश होऊन म्हणाला, "देखा? महिनापण नाही थांबले." त्यांच्या जाण्याने जीव तुटला माझा. तरी त्यांची ओळ मीच पुसली.

माझी ओळ अजून आहे. तिच्यात आई आहे. सेठ रोज सकाळी माझ्या टेबलाशी थांबतो, अगदी सरांसारखी मान तिरकी करतो.

"आई की तबियत कशी आहे?"

"बरी आहे, सेठजी," मी म्हणते, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला आईचाच राग येतो.