सोळा वर्कर आणि एक सल्लागार

माझ्या मूर्खपणाची लेखी नोंद एका सर्व्हरवर कायमची पडली आहे आणि ती पुसायचा अधिकार मला नाही. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून तुमच्या कानावर येण्यापेक्षा मीच सांगून टाकतो. चहा घ्या, बसा.

आम्ही इंग्लंडात मेडनहेडला राहतो. वरच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, इस्त्रीचा बोर्ड आणि मी, असे दोघं असतो. माझं काम डेटाबेस सांभाळायचं. आमची कंपनी बऱ्याच संस्थांचे डेटाबेस चालवते, पण कुठला कुणाचा ते आम्हाला कळू देत नाहीत. सिक्युरिटी. आम्हाला फक्त नंबर माहीत.

खाली डायनिंग टेबलवर माझी बायको अनघा. आठ वर्षं मुलींमागे घरी होती. आता कार्डिफच्या एका हाउसिंगवाल्यांकडे, म्हणजे भाड्यानं घरं देणाऱ्या संस्थेत, तिला घरून करायची नोकरी लागली होती, पण प्रोबेशनवर. रोज सकाळी एक रिपोर्ट काढायचा, कुठल्या भाडेकरूंचे घर गरम ठेवणारे बॉयलर बंद आहेत त्याचा. तो बघून दुरुस्तीची माणसं निघणार. रिपोर्ट वेळेवर गेला तर नोकरी पक्की, नाही तर पुन्हा घरी. आणि पुन्हा घरी बसायची तिची अजिबात तयारी नव्हती.

"माझ्या रिपोर्टला चाळीस मिनिटं लागतात," ती एकदा जेवताना म्हणाली. तक्रार नव्हती हो, नुसती माहिती होती. पण मी पडलो पुण्याचा. कुणी विचारायची वाट कशाला बघायची?

"चाळीस मिनिटं? अगं, पॅरलल चालव ना. चार वर्कर लाव."

पॅरलल म्हणजे काय, तर पंगतीला एकच वाढपी असेल तर वेळ लागतो. चार लावले की पटापट ताटं वाढून होतात. डेटाबेसमध्ये या वाढप्यांना वर्कर म्हणतात. मात्र वाढपी मोजकेच असतात. एकाच पाहुण्यानं सगळे स्वतःच्या ताटाशी उभे केले, तर बाकीची पंगत उपाशी. हा दुसरा भाग मी तिला सांगितला नाही. आमटी फार छान झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्क्रीनवर लाल दिवे. ग्राहक नंबर सत्तेचाळीसचा सर्व्हर धापा टाकतोय, एररवर एरर, लोकांची कामं अडकलेली. बघतो तर कुणीतरी एक भलीमोठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहितीची मागणी, चार वर्कर लावून सोडलेली. लॉगिन सगळ्यांचं मिळून एकच, त्यामुळे माणूस कळेना. मी क्वेरी मारली, म्हणजे मधेच बंद पाडली. सर्व्हर शांत झाला आणि मी चहा प्यायलो.

संध्याकाळी अनघाचं तोंड उतरलेलं. "अरे विनू, रिपोर्ट मधेच मेला. टर्मिनेटेड बाय ॲडमिनिस्ट्रेटर, असं आलं."

"असले ॲडमिन मला पक्के माहीत आहेत," मी म्हणालो. "एक नंबरचे आळशी. न बघता मारतात. तू आठ वर्कर लाव. त्याचं लक्ष जायच्या आत तुझं काम संपलं पाहिजे."

तुम्हाला कळलं ना आत्ताच? मला नाही कळलं. मला अठरा वर्षांचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीसवर आठ वर्कर. मी पुन्हा मारली. शिवाय मेमरी वाढवली, सेटिंग बदललं, तीन तास लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, चाळले आणि माझ्या बॉसला, कॉलिनला, सांगितलं की सर्व्हरमध्ये गूढ दोष आहे. गूढ म्हटलं की साहेब फार विचारत नाहीत.

त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, मी दाढ काढायला गेलो. भूल अशी दिली होती की रात्रीपर्यंत अर्धं तोंड माझं नव्हतंच. जेवताना अनघानं काहीतरी विचारलं, पण मला बोलता येईना. बुधवारी सत्तेचाळीस दिवसभर गुण्यागोविंदानं चालला. मी कॉलिनला कळवलं, माझ्या सेटिंगचा परिणाम दिसतोय. तो म्हणाला, ब्रिलियंट.

बुधवारी रात्रीपर्यंत तोंड परत ताब्यात आलं होतं. "आज झाला रे रिपोर्ट, जुन्या पद्धतीनं," अनघा खुशीत म्हणाली.

"चाळीस मिनिटं लागली असतील. सोळा लाव. सगळ्यांना दाखवून दे."

गुरुवारी सत्तेचाळीस आडवाच झाला. कार्डिफमध्ये एकाही घरी बॉयलरवाला पोचला नाही. अनघाच्या मॅनेजरबाई रियानन यांनी शुक्रवारी अकराला मीटिंग ठेवली. तिथंच तिच्या प्रोबेशनचा निकाल लागणार होता. ती जेवली नाही. मला फार वाईट वाटलं आणि त्या अनोळखी ॲडमिनचा मनापासून संताप आला.

"उद्या अकराला आहे," ती म्हणाली.

"मलाही अकराला आहे," मी म्हणालो. "एका ग्राहकाला त्यांच्या माणसाची अक्कल काढून दाखवायची आहे."

शुक्रवारी मी चार स्लाइड घेऊन व्हिडिओ कॉलवर बसलो, कॉलिनही होता. स्लाइड मोठ्या केल्या की माणसांच्या चौकटी दिसत नाहीत, ते मला बरंच असतं. "सर्व्हर निर्दोष आहे," मी इंग्रजीत सुरू केलं. "तुमच्याकडच्या व्यक्तीला कुणीतरी अर्धवट सल्ला देतंय. चार, मग आठ, मग सोळा. हा सल्लागार जो कुणी आहे, त्याला कंप्युटरजवळ फिरकू देऊ नये."

मग एक आवाज आला. आधी जिन्यातून आणि मग अर्ध्या सेकंदानं माझ्या हेडफोनमधून.

"तो सल्लागार फार अनुभवी आहे," अनघा म्हणत होती. "निदान तो तरी तसं सांगतो."

मी स्लाइड बंद केल्या. चौकटीत अनघा, तिच्यामागे आमचा पडदा, पडद्यावर धाकटीनं चिकटवलेला मोर. अनघा माझ्याकडे बघत होती आणि नाव घेत नव्हती. माझी नोकरी सांभाळत होती हो ती, स्वतःची जात असताना.

"कोण आहे हा?" रियाननबाईंनी विचारलं.

एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. "मी," मी म्हणालो. "मी तिचा नवरा. सल्ला मीच देत होतो आणि क्वेरीही मीच मारत होतो."

कॉलिननं कॅमेरा बंद केला. तो हसत होता की रडत, मला अजून माहीत नाही.

अनघानं वही उघडली. तिनं रोजची नोंद ठेवली होती: तारीख, एरर, आदल्या रात्रीचा सल्ला. "सल्ल्याशिवाय चालवला तेव्हा प्रत्येक वेळी पूर्ण झाला," तिनं शांतपणे वाचून दाखवलं. "बुधवारीसुद्धा. मंगळवारी त्याची दाढ काढली होती."

जे मला आठवडाभर लॉग चाळून सापडलं नाही, ते तिनं एका पानात सिद्ध केलं. रियाननबाईंनी तिथल्या तिथं तिला कायम केलं. तिच्या पद्धतशीर कामाचं कौतुकही केलं. माझ्याबद्दल त्या फक्त "राइट" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द फार लांब वाटला.

राहिलं होतं तिकीट, म्हणजे बिघाडाची सर्व्हरवरची नोंद, बंद करायचं. आमच्याकडे प्रत्येक बिघाडाचं मूळ कारण लिहावंच लागतं: हार्डवेअर, सॉफ्टवेअर, नेटवर्क किंवा इतर. मी 'इतर' निवडलं आणि पुढच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'नवरा'.

पण तिकीट बंद व्हायला ग्राहकाची सही लागते. ते खाली डायनिंग टेबलवर गेलं. पाच मिनिटांत परत आलं, अनघाच्या शेऱ्यासकट:

'दोष जुना आणि माहितीतला आहे. दुरुस्ती होत नाही. तूर्त उपाय: दुर्लक्ष करणे.'