गोदाकाठचे गुरुजी बालीत

पंचवटीतले उपेंद्र गुरुजी खोटं बोलायला तसे कधी मागे हटले नाहीत. साखर वाढलेली असताना ‘पेढ्याला हात लावला नाही’ असं बायकोला सांगत, आणि अंगावर पाणी ओतता ओतता ‘निघालोच, अर्ध्या वाटेत आहे’ असं यजमानाला. पण संकल्पात खोटं? छे! कोण, कुठे बसून, कुठल्या तिथीला, कशासाठी हे कर्म करतो आहे, ते हातात पाणी घेऊन देवापुढे म्हणायचं, त्याला संकल्प म्हणतात. गुरुजी म्हणत, “हा देवाला दिलेला पत्ता आहे. पत्ता चुकला की नैवेद्य दुसऱ्याच्याच दारात.” बाकी मंत्रांत ते दोन-चार ओळी सहज गिळत, विशेषतः आतून पुरणाचा वास यायला लागला की. संकल्प मात्र अक्षरन् अक्षर.

शेंडी दाबून हेल्मेट चढवायचं, धोतराचा सोगा स्कूटरच्या चाकात जाऊ नये म्हणून कमरेला खोचायचा आणि दिवसाला तीन घरं उरकायची, असा त्यांचा जन्म चालला होता. यजमान बहुतेक चांदवड-विंचूरकडचे, कांदेवाले. चातुर्मासात गुरुजींना कांदा वर्ज्य, पण दक्षिणेबरोबर आलेलं कांद्याचं पोतं परत पाठवू नये, हे शास्त्र त्यांनी स्वतःच काढलेलं होतं. पोतं बायकोने, सुमेधाकाकूंनी, उचलून ठेवायचं आणि गुरुजींनी तेवढा वेळ डोळे मिटून जप करायचा.

मग ते कोरोनाचं आलं आणि पूजा फोनवर गेल्या. रोग गेला, फोन राहिला. मुलाने, गौरांगने, त्यांची एक झकास जाहिरातही करून दिली: ‘थेट गोदाकाठावरून, घरबसल्या पूजा.’ पुण्याचे, नागपूरचे, पार परदेशातले यजमान मिळाले. चौरंगावर पोथ्यांची चळत, चळतीला टेकून फोन. देव सगळीकडे आहे हे तर खरंच, पण आता तो वाय-फायवरही आहे अशी गुरुजींची खात्री पटली.

यंदा गौरांग आणि सूनबाई मृण्मयीच्या कंपन्यांनी ‘कुठूनही काम करा’ म्हटलं आणि दोघांनी बाली बेट धरलं. आईबाबांनाही न्यायचं ठरलं. गुरुजी म्हणाले, “माझी कामं आहेत.”

“बाबा, तुमचं काम तरी काय वेगळं? फोन, नेट आणि बसायला आसन,” मृण्मयी म्हणाली.

वेदविद्येचा असा हिशोब लावल्याबद्दल गुरुजी दुपारपर्यंत रुसले आणि संध्याकाळी बॅग भरायला बसले. काकूंनी मेतकूट आणि भाजणी घेतली. गुरुजींनी ताम्हन, पळी, दर्भ, काळे तीळ आणि गंगेची, म्हणजे आपल्या गोदावरीची, एक बाटली.

बालीतलं घर भातशेतीच्या कडेला होतं. घरमालकीण रोज सकाळी आंघोळ करून, कमरेला वस्त्र गुंडाळून, पानाच्या इवल्या परड्यांत फुलं, भात आणि कधी कधी चक्क बिस्किट ठेवून उंबऱ्यावर, विहिरीवर, स्कूटरवरसुद्धा नैवेद्य दाखवायची. काकूंना तर माहेरी आल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून दोघी मिळून परड्या विणायला लागल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण सुनांविषयी दोघींचं एकमत दिसलं. गुरुजी बिस्किट बघून नाक मुरडायचे. “आपल्या देवाला चालतात ते पेढे काय वेदात लिहिलेत?” काकू म्हणाल्या.

गुरुजींनी ओसरीत आपलं ऑफिस थाटलं. मागची नारळाची झाडं दिसू नयेत म्हणून काकूंचं हिरवं लुगडं दोरीवर टांगलं. सत्यनारायण, रुद्राची एकादष्णी, सगळं सुरळीत पार पडलं. यजमान आपापल्या घरी बसून स्वतःच्या हाताने करायचे, संकल्पात त्यांच्याच गावाचं नाव. म्हणजे खोटं काहीच नाही. लुगडं तेवढं होतं.

अडचण आली ती चांदवडच्या खंडेरावांमुळे. गुरुजींच्या आजोबांपासूनचं हे यजमान घराणं. त्यांच्या आईचं, चतुराबाईंचं, वर्षश्राद्ध आलं आणि खंडेराव ट्रॉलीवरून पडून पायाला प्लास्टर. फोनवर म्हणाले, “गुरुजी, मला काय खाली बसवत नाय. माझ्या वतीनं तुमीच गंगेवर पिंड ठिवा. आमी फोनात बघतो.”

“हो हो,” गुरुजी बोलून गेले.

“अहो, सांगून टाका त्यांना,” काकू म्हणाल्या.

“सांगितलं तर हे यजमान घर हातचं जाईल. यादव टपूनच बसलाय.” यादव म्हणजे गुरुजींचा चुलतभाऊ, तोही भिक्षुक, घाटावरचा सगळ्यात गोड बोलणारा माणूस.

“आणि नाही सांगितलं तर?”

“गोदावरी शेवटी समुद्रालाच मिळते. इथेही समुद्रच आहे.”

“मग इतकी वर्षं नळाखाली का नाही केलीत श्राद्धं? तेही पाणी तिथलंच,” असं म्हणून काकू भात शिजवायला उठल्या.

श्राद्धाच्या दिवशी चांदवडला दुपारचे साडेबारा, बालीत तीन. फोनमध्ये खंडेराव खुर्चीवर, प्लास्टरचा पाय स्टुलावर, शेजारी त्यांच्या बायको उज्वलाताई आणि मागे मुलगा रविराज. इकडे पिंड तयार, तीळ तयार. गुरुजींनी आचमन केलं, हातात पाणी घेतलं, संकल्पाला खणखणीत सुरुवात केली. कलियुगापर्यंत आले. पुढे ‘दंडकारण्ये देशे गोदावर्याः उत्तरे तीरे’ म्हणायचं होतं. जीभ अडली. गुरुजींनी तेवढा भाग खोकल्यात घातला.

“गुरुजी, आवाज कटला. पुन्यांदा म्हणा,” खंडेराव म्हणाले.

गुरुजींनी पुन्हा सुरुवात केली आणि त्याच जागी आल्यावर नुसते ओठ हलवले.

“आता तर कायच नाय आलं. रवी, रेंज बघ रं!”

“अन् गुरुजी, नाशकात लय वारं सुटलं का? तुमच्या मागं लुगडं उडून राहिलं,” उज्वलाताई म्हणाल्या.

तळहातातलं पाणी मनगटावरून कोपराकडे चाललं होतं. समोर फोनात चतुराबाईंचा फोटो, हार घातलेला. या बाईने गुरुजींना दरवर्षी पंगतीत हाताने वाढलं होतं, आणि ‘खरं सांगा, भूक हाय ना अजून’ म्हणून पानात लाडू टाकला होता. गुरुजींनी पाणी ताम्हनात सोडून दिलं.

“खंडेराव, रेंज चांगली आहे. मीच नाशकात नाही. बाली नावाच्या बेटावर आहे, समुद्रापार. मुलाबरोबर आलोय. आधी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.”

मग खंडेराव हळूच म्हणाले, “माझी आई विंचूरच्या बाजारालाबी एकटी कधी गेली नाय. अन् तिला तुमी सोबतीशिवाय समुद्रापार जेवायला बोलावलं?”

गुरुजींनी पळी उचलली आणि परत ठेवली.

“तुमच्या भरवशानं ती पार गंगेवर जाऊन बसली असती, पानाची वाट बघत. आन् पान कुठं? बेटावर!”

“चुकलं माझं. यादवला फोन करतो, तो घाटावरच असतो. तिथी टळायला नको.”

“यादव गुरुजींनी आईच्या हातचं कवा खाल्लंय?” खंडेराव एकदम ओरडले. “उज्वला, भात उतरव. रवी, पाट लाव माझ्यापुढं, टेबलावर. मीच करतो. खुर्चीत बसलेलं चालतं का, तेवढं सांगा गुरुजी. आन् यावेळी खरं सांगा.”

“चालतं. आजाऱ्याला चालतं. खरंच चालतं.”

मग दोन तास गुरुजी बालीतून सांगत गेले आणि खंडेराव चांदवडात करत गेले. उपरणं उजव्या खांद्यावर घ्या, तीळ सोडा, आईचं नाव घ्या. संकल्पात चांदवडचं नाव, गोदावरीचा उत्तर तीर, सगळं जिथल्या तिथं. उज्वलाताईंचा भात जरा सैल झाला होता, पिंड ढासळायला लागला, तर खंडेराव म्हणाले, “आई, नीट बस,” आणि डोळे पुसले.

शेवटी रविराज पिंड गंगेत सोडायला नाशकाला निघाला. “घाटावर कुणी विचारलं, तुमचे गुरुजी कोण, तर काय सांगू?” त्याने विचारलं.

“सांग, आमचेच, उपेंद्र गुरुजी. परदेशात ड्युटीवर हायती,” खंडेराव म्हणाले. “आन् गुरुजी, पितरपाटात, महाळाला, तुमी हिथं, माझ्या ओट्यावर पायजे. फोनात नाय.”

संध्याकाळी गुरुजींनी लुगडं उतरवून, घडी करून काकूंना दिलं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या भाग्यश्रीताईंचा सत्यनारायण होता. फोन लागताच गुरुजींनी छातीवर दगड ठेवला. “आधीच सांगतो, ताई, मी गोदाकाठी नाही. बालीत आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा.”

“बाली?” भाग्यश्रीताई किंचाळल्या. “अहो, इकडे या सगळे! गुरुजी बालीत आहेत! गुरुजी, जरा फोन फिरवा ना. ते भाताचं शेत का? समुद्र किती लांब? आणि महिन्याला भाडं काय पडतं?”

गुरुजींनी भाताचं शेत दाखवलं, नारळ दाखवले, परडीतलं बिस्किट पळवणारं कुत्रंसुद्धा दाखवलं. शेवटी त्यांनी पळी ताम्हनावर आपटली.

“ताई, सत्यनारायण मघापासून पाटावर येऊन बसलाय. त्याला आधी मोकळं करू या का?”