बारा टोलांची साक्ष

ते प्रकरण अजून माझ्या मनातून उतरलेलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळीही आल्या नाहीत. माझ्या घाईपायी एक निरपराध माणूस कोठडीत बसला, एवढ्यासाठी ते लक्षात राहिलं आहे.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नवा फौजदार होतो आणि नव्या फौजदाराला असते तेवढी स्वतःच्या नजरेवर माझी भिस्त होती. आमच्या हद्दीत कॅथलिक मिशनचं एक हायस्कूल होतं. तिथं मुलं आणि मुली एकाच वर्गात बसत, म्हणून गावातले लोक त्या शाळेवर यथेच्छ तोंडसुख घेत. पण तिथली मुलं मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास होऊन कॉलेजात जात, म्हणून जून महिन्यात तेच लोक आपल्या पोरांचे हात धरून शाळेच्या फाटकाशी उभे राहत.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला त्या शाळेच्या मुख्याध्यापिका ठाण्यात आल्या. त्या मिशनच्या सिस्टर होत्या, मूळच्या मंगळूरकडच्या. मराठी पुस्तकातल्यासारखी जपून बोलत. शाळेचं जनरल रजिस्टर ऑफिसच्या कपाटातून चोरीला गेलं, अशी त्यांची तक्रार होती. मला हसू आलं. मुलांची नावं, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्या असलेली ती जाडजूड वही चोरून कुणाला काय करायचं होतं?

मग सिस्टरनी सांगितलं ते ऐकून हसू मावळलं. नववीतल्या एका मुलीचं लग्न येत्या सोमवारी ठरलं होतं. बाप गुळाचा मोठा व्यापारी. मुलगी गणितात हुशार, आणि चौदा वर्षांची. पंधरा पुरी नसलेल्या मुलीचं लग्न लावणं तेव्हा शारदा कायद्यानं गुन्हा होता, पण कायद्याला वयाचा पुरावा लागतो. ती जन्मली आजोळी, दूर सीमेपलीकडच्या खेड्यात. तिथल्या चावडीत नोंद सापडत नव्हती. तिची जन्मतारीख बापाच्या सहीनिशी लिहिलेली एकच जागा होती, ती म्हणजे ते रजिस्टर. शनिवारी सिस्टर ते मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं ठेवून मनाईहुकूम मागणार होत्या. नोंदीची नक्कल काढायला त्यांनी बुधवारीच कारकुनाला सांगितलं होतं, पण ते काम राहून गेलं होतं.

मी हवालदाराला घेऊन शाळेत गेलो आणि पंचनामा केला. कपाट उघडं होतं, किल्ली कुलपालाच लटकत होती. कारकून तरुण होता, गेल्या जूनमध्येच नोकरीला लागलेला. त्यानं जबाब कसा धडाधड दिला. सकाळी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला गेली तेव्हापासून आपण टेबलाशीच होतो. बाराची घंटा झाली, शाळा सुटली, आपण कपाटाला कुलूप घातलं. घंटा देऊन शिपाई रोजच्यासारखा किल्ली न्यायला आला, ती त्याच्या हातात देऊन आपण घरी जेवायला गेलो. दीड वाजता राहिलेलं काम उरकायला परतलो, तर कपाट उघडं आणि रजिस्टर नाही.

शिपाई पन्नाशीचा होता, चंदगडकडचा ख्रिस्ती. किल्ली मला मिळालीच नाही, एवढंच तो म्हणाला. शाळेची पहिली वीट रचली तेव्हापासून हा आमच्याकडे आहे, असं सिस्टर सांगत होत्या. पण असली शिफारस पोलीस रोजच ऐकतो.

संध्याकाळी ठाण्याच्या पडवीत एक चिठ्ठी पडलेली सापडली. 'शिपायाची ट्रंक तपासावी', एवढाच मजकूर. तपासली, तर त्याच्या कपड्यांखाली रजिस्टर बांधून ठेवायचं तांबडं फडकं निघालं. मला आणखी काय हवं होतं? मी त्याला ताब्यात घेतलं.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला एकच प्रश्न निरनिराळ्या आवाजांत विचारला: रजिस्टर कुणाला दिलंस? त्याचं उत्तरही एकच होतं. हवालदारानं त्याला दोन ठेवून दिल्या. मी खोलीतच होतो आणि गप्प राहिलो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते वगळून पुढं लिहिणं खोटेपणाचं होईल.

शुक्रवारी सकाळी त्याला भाकरी दिली, ती त्यानं बाजूला सारली. चोरी पचली नाही की माणसाला अन्न जात नाही, हा माझा तोवरचा अनुभव. मी विचारलं, "का रे, जेवत का नाहीस?"

"आज उपास हाय, साहेब."

"कसला उपास? आज एकादशी नाही, शनिवार नाही."

"आमचा हाय," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

मला तो बेरकी वाटला. ख्रिस्ती लोकांतही उपास असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नाही.

मला आता एवढंच बघायचं होतं, की बाराच्या घंटेनंतर रजिस्टर शाळेबाहेर न्यायला त्याला किती वेळ मिळाला असेल. म्हणून शुक्रवारी बाराला दहा मिनिटं असताना मी शाळेच्या आवारात जाऊन उभा राहिलो. शाळेला सुट्टी होती, पण तिथली घंटा शाळेची आणि प्रार्थनामंदिराची एकच, ती सुट्टीतही बाराला वाजायची. ती झाली की घड्याळ लावून शिपायाच्या खोलीपर्यंत आणि तिथून मागच्या फाटकापर्यंत चालायचं, असा बेत होता.

बारा वाजले. बारा वाजून एक मिनिट झालं. घंटा काही झाली नाही. व्हरांड्यातून मात्र कोरडा टकटक आवाज येऊ लागला. पाहतो तर सिस्टर स्वतः एक लाकडी फळी हातात घेऊन तिच्यावर ठोकळा आपटत चालल्या होत्या. सवय नसल्यानं त्यांचा ठोका चुकत होता. मी घंटेचं विचारलं.

त्या म्हणाल्या, "फौजदारसाहेब, आमची घंटा कालच्या सकाळच्या प्रार्थनेपासून बंद आहे. येशूच्या दुःखाचे हे दिवस. आजच त्याला क्रुसावर दिलं, म्हणून सुट्टी आणि उपास. दरवर्षी गुरुवारी सकाळी ती एकदा पुष्कळ वाजवतात आणि मग दोर बांधून ठेवतात. उद्यापर्यंत हे लाकूडच. ते शिपायाचं काम, पण तो तुमच्याकडे आहे."

"काल दुपारी बारालासुद्धा हेच वाजलं?"

"हो. तो हीच फळी वाजवत सगळ्या वर्गांवरून फिरला. साऱ्या शाळेनं त्याला पाहिलं."

कारकुनानं ऐकलेली घंटा वाजलीच नव्हती. त्याचा शाळेतला हा पहिलाच एप्रिल. ही रीत त्याला माहीत नव्हती. रोज घडतं तेच त्यानं जबाबात सांगितलं होतं, कारण त्या दिवशी काय घडलं ते पाहायला तो तिथं नव्हताच.

ठाण्यात येऊन मी आधी ती चिठ्ठी पुन्हा काढली. बिननावाच्या त्या दोन बोटांच्या चिठ्ठीला डावीकडं नीट समास सोडलेला होता. चोरून लिहिलं तरी हाताची कारकुनी सवय थोडीच जाते? चिठ्ठी आली तेव्हाच हे दिसायला हवं होतं. पण मला त्या वेळी फक्त ट्रंक दिसत होती.

कारकुनाला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. जबाब पुरा करायचा आहे, म्हणालो. काल बाराला किती टोल पडले?

"बारा. मी मोजले की," तो म्हणाला.

मी त्याला दोर बांधल्याचं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. ही नोकरी त्याला त्याच गूळवाल्याच्या शब्दावर लागली होती. बुधवारी नक्कल काढायला सांगितल्यावर त्यानं संध्याकाळी जाऊन गूळवाल्याच्या कानावर घातलं. गुरुवारी सकाळी सगळे प्रार्थनेला बसले असताना तो रजिस्टर पिशवीत घालून बाहेर पडला. दुपारी परतल्यावर फडकं शिपायाच्या ट्रंकेत सारलं. लग्न होऊन जाईपर्यंत कुणीतरी चोर ठरणं भाग होतं, आणि शिपायाच्या खोलीला कुलूप नव्हतं.

गूळवाल्याच्या गोदामात ढेपांच्या थप्पीमागं रजिस्टर मिळालं. तो मुळीच घाबरला नाही. म्हणाला, "माझ्या पोरीचं मी बघतो की. तुमच्या कायद्याचं काय नडलंय? चांगलं स्थळ परत येतंय व्हय?" त्या माणसाला मी सैतान म्हणणार नाही. आपण पोरीचं भलं करतोय असंच त्याला मनापासून वाटत होतं, आणि अशा माणसाला समजावणं चोराला समजावण्यापेक्षा अवघड असतं.

शुक्रवारी संध्याकाळी शिपायाला सोडलं. शनिवारी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रजिस्टरमधली नोंद आणि तिच्याखालची बापाची सही पाहून मनाईहुकूम दिला. तो बजावायला मीच गेलो. बापानं सही केली. माजघराच्या दारात ती मुलगी उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाळ, तुझं वय काय?"

"चवदा पुरी झाली दिवाळीत," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई."

घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या मागं होतं. मी रजिस्टर शोधलं, किल्ली शोधली, फडकं शोधलं. शिपायालाही मी एकदाही विचारलं नव्हतं, की बारा वाजता तू काय करत होतास? विचारलं असतं तर त्यानं सरळ सांगितलं असतं आणि तासाभरात घरी गेला असता. पुढं नोकरीभर मी ठाण्यात एक नियम पाळला: ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी त्याचा दिवस त्याच्या तोंडून सांगू द्यायचा, मध्ये बोलायचं नाही. त्या शिपायाची माफी मात्र मी तेव्हा मागितली नाही. त्या काळी फौजदार माफी मागत नसत, आणि मी त्या काळाचाच होतो.

कारकुनाला शिक्षा झाली, गूळवाल्यावरही खटला चालला. पण त्यानं मुलीला कधी शाळेत जाऊ दिलं असतं? कुठला मॅजिस्ट्रेट तसा हुकूम देणार? जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती घरातच होती.

त्या शाळेत गैरहजर मुलांना बोलवायला शिपाई घरोघर जात असे. सिस्टरनी गूळवाल्याचं घर यादीतून वगळलं होतं, त्याला तिथं जावं लागू नये म्हणून. त्यानं ते आपणहून यादीत घालायला लावलं. रोज सकाळी तो त्या दारात जाऊन उभा राही आणि म्हणे, "शाळा भरतीया. पोरीला लावून द्या." मागचं एक अक्षर काढत नसे. ज्या घरापायी त्यानं मार खाल्ला, त्याच घराच्या दारात रोज. पहिल्या दिवशी बाप बाहेर आला नाही. चौथ्या दिवशी आला, पण वर बघू शकला नाही.

तेराव्या दिवशी शिपाई परत निघाला तेव्हा दप्तर घेऊन ती त्याच्या मागून चालत होती.