ढेकणीच्या नवऱ्याचा शोध

शनिवारी पुन्हा आंबोलीला गेले होते. मालवणहून गाड्या बदलत, पाठ धरलेली... आणि तेही एका ढेकणासाठी.

खाटेतला ढेकूण नव्हे. हा रानातला, चपटा, जन्मभर बिनपंखांचा, कुजक्या लाकडाच्या सालीखाली बुरशी खाऊन राहणारा. पंख कधी फुटतच नाहीत, त्यामुळे मोठा कुठला नि पिल्लू कुठलं हे ओळखतानाच डोळे जातात.

ही जात अजून कुणी नोंदवलेली नाही, असं मला वाटतंय. पण माझ्याकडे होत्या सगळ्या माद्याच... आणि या गटात जात ठरते ती नराच्या शेपटाकडच्या भागावरून. नर नसेल तर माझा शोधपेपर छापायला घेणार नाही, असं तो तपासणाऱ्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

गेल्या खेपेला खूण केलेला ओंडका जागेवर नव्हता. पाऊस तोंडावर आलेला, जो तो जळण भरतोय... चौकशी केली तर ओंडका वाटेवरच्या लक्ष्मीकाकींच्या पडवीत. ओला म्हणून सगळ्यात खाली, आणि वर अख्ख्या पावसाळ्याची लाकडं रचलेली.

हे ढेकूण मला दुसरीकडे कुठेच सापडलेले नाहीत. ओंडका चुलीत गेला की सगळं संपलं. काकींना कसंबसं सांगितलं, सगळ्या बायकाच मिळाल्यात, नवरा हवाय... त्या खूप हसल्या. मग पदर खोचून लाकडं उतरवायला लागल्या.

दुपारभर आम्ही दोघी साल सोलत होतो. मादी, पिल्लू, मादी, मादी... शेवटी भिंगाखाली एक बारकासा, वेगळा दिसला. नरच होता. त्याच सालीखाली आणखीही निघाले.

आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, झाला नाही... कुप्या बंद केल्या, भिंतीला टेकले आणि तिथेच झोप लागली.

जाग आली तर काकींनी एकटीनंच सगळी लाकडं पुन्हा रचली होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्या चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसत म्हणाल्या, "गावलो मां एकदाचो ढेकणीचो घोव? बरा झाला गो बाय."

इतकी वर्षं कॉलेजात, घरी, नातेवाइकांत... जो तो विचारत आला, याचा उपयोग काय? सापडला का, असं विचारणाऱ्या काकी पहिल्याच. चहा हातात धरून मी चक्क रडले.