पाटील तेवढे आमचेच

माझ्या थोरल्या साडूंइतका फुकटच्या मोठेपणावर जगणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही. चिंचणीला स्वतःचं घर, मागे चार माड, बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी. एवढ्यावर कुणीही सुखाने राहिला असता. पण ह्यांचं आडनाव पाटील, आणि महाराष्ट्रात ज्या कुणा पाटलाचं नाव झालं तो ह्यांचा नातेवाईक! पाटील मंत्री झाला की "आमच्यातलाच." टीव्हीवर कुणी पाटीलबाई गायल्या की "गळा आमच्या घरान्यातला हाय." स्वतः आरतीत तोंड उघडायचे तेव्हा शेजारीपाजारी मुद्दाम टाळ्या जोरात वाजवायचे. एका पाटलाने क्रिकेटमध्ये विकेटा काढल्या, तेव्हा ह्यांनी आळीत पेढे वाटले. पुढच्या सामन्यात त्याला बेदम चोप बसला, तेव्हा मात्र तो "दुसऱ्या शाखेतला" निघाला.

एकदा पालघरच्या सरकारी कचेरीत दारावरची पाटी वाचून हे रांग सोडून थेट आत घुसले.

"बाई, आमी पन पाटीलच!"

"बरं. मी सांगलीची. रांगेत उभे राहा."

बाहेर येऊन मला म्हणतात, "बगितलंत साडूभाऊ? नियमाला किती पक्की! आमचं रक्तच तसं हाय." मी त्यांच्याबरोबर कचेरीत जाणं कायमचं सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात वाफेचा पाइप फुटून एक कंत्राटी कामगार भाजला. बुऱ्हाणपूरकडचा, इथे त्याचं कुणीच नव्हतं. त्याला ज्या दवाखान्यात आणलं, तिथेच साडू शुगर तपासायला गेले होते. नर्सने बाहेर येऊन विचारलं, "पाटीलबरोबर कोण आहे?" साडू सवयीने उठले. "आमी हाय."

हे कळलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "ह्यांनी भाजलेल्या माणसालाही सोडलं नाही!"

पण साडूंनी रजा टाकली. रोज घरून पेज नेऊन ते त्याला चमच्याने भरवू लागले. पट्ट्या बदलताना तो किंचाळायचा, तेव्हा त्याचा धड असलेला हात धरून बसायचे. मी पाहायला गेलो, तो ह्या पाटलाच्या नात्यात कुठला मंत्री निघतो ते ऐकायच्या तयारीने. साडू आपले पुठ्ठ्याने वारा घालत होते.

धोका टळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दुपारी त्याचे म्हातारे वडील गावाहून पोचले. मुलाच्या कपाळावरून हात फिरवून झाल्यावर त्यांनी साडूंपुढे हात जोडले. "भाईसाहब, आप हमारे कौन लगते हैं?"

मी नुकताच दारात पोचलो होतो. मला वाटलं, आता वंशवेल सुरू होणार. साडूंनी तोंड उघडलं. "मी... मी चिंचनीचा," एवढंच कसंबसं म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

म्हाताऱ्याने पिशवीतलं फडकं सोडलं, प्रवासात वाळलेली भाकरी मोडली आणि अर्धी साडूंच्या हातावर ठेवली. दोघे खिडकीजवळच्या बाकावर शेजारी बसून खात राहिले. मी दारातच उभा होतो. आत जावं की नाही, ते मला काही केल्या ठरवता येईना.